पदव्युत्तर शिक्षण : आधी काय आणि मग काय?

विद्यापीठाने काय काय करावे याची यादी करणे हे फार सोपे काम आहे. चार प्राध्यापक आणि चार विद्यार्थी एकत्र बसवा. चहा संपण्याच्या आत वीस कलमी यादी तयार होईल. नवे विषय हवेत, नवी इमारत हवी, अद्ययावत प्रयोगशाळा हवी, परिषदा भरवायला हव्यात, परदेशी विद्यापीठांशी करार व्हायला हवेत. यांतील एकही कलम वाईट नसते, आणि म्हणूनच त्यांतील एकही खोडले जात नाही. पुढे पैसा, माणसे आणि वेळ या वीस कलमांत वाटली जातात आणि एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होते. वीसांपैकी कोणत्या तीन गोष्टी आधी करावयाच्या आणि उरलेल्यांपैकी कशाकशाला निदान दहा वर्षे हात लावावयाचा नाही, हे ठरवणे मात्र अवघड असते. त्यासाठी कोणाचा तरी वाईटपणा घ्यावा लागतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक संस्थेने आपला विकास आराखडा करावा असे सांगितले आहे. आराखडे होतील, त्यांच्या सुबक पुस्तिकाही निघतील. परंतु आपल्या बेळगाव-निपाणी भागातील पदव्युत्तर शिक्षणाने आधी काय करावे, हा प्रश्न केवळ कुलगुरूंच्या दालनातला नाही. टिळकवाडीतील महाविद्यालयांतून दर उन्हाळ्यात पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या घरी तो विचारला जातो. पुढे शिकायचे तर कोठे? बेळगावात, धारवाडला, की कोल्हापूरला? कोणत्या विषयात? आणि दोन वर्षांनी हाती काय येणार? या प्रश्नांना नीट उत्तर मिळाले नाही, तर मुलगा मिळेल ती नोकरी धरतो आणि मुलीसाठी स्थळे पाहावयास सुरुवात होते. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी मिळून बोलावा असा आहे.

आधी थोडा मागचा हिशेब पाहू. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे जवळजवळ शतकभर बेळगावचा विद्यार्थी त्याच विद्यापीठाचा होता. एम.ए. करावयाचे म्हणजे पुण्यामुंबईस खोली घेऊन राहावयाचे. ज्याची ऐपत होती तो गेला. ज्याची नव्हती तो बी.ए. वर थांबला. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ निघाले आणि लवकरच ते धारवाडला आले. त्या विद्यापीठाला आकार देणारे कुलगुरू दा. चिं. पावटे हे आपल्याच जिल्ह्यातील, गोकाक तालुक्याचे. १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झाले. म्हणजे आपण दोन विद्यापीठांच्या मधोमध आलो, पण घरात विद्यापीठ नव्हते. १९८२ साली कर्नाटक विद्यापीठाने बेळगावासाठी पदव्युत्तर केंद्र काढले आणि २०१० साली त्याच केंद्राचे राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. बेळगाव, विजापूर आणि बागलकोट हे तीन जिल्हे त्याच्याकडे आले. सुमारे दीडशे वर्षांत मुंबईपासून भूतरामनहट्टीपर्यंत विद्यापीठ आपल्याजवळ आले, ही लहान गोष्ट नव्हे.

जवळ येण्याचा हा ओघ मात्र तेथेच थांबला नाही. पुढे बागलकोट जिल्ह्यासाठी जमखंडीस वेगळे विद्यापीठ निघाले. कर्नाटकात त्याच सुमारास इतरही जिल्ह्यांना विद्यापीठे मिळाली. आणि २०२५ साली अशा नव्या विद्यापीठांपैकी काही बंद करावीत किंवा जुन्यांत विलीन करावीत अशी शिफारस राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने केली. कारण उघड होते: पैसा नाही, जागा नाही, शिक्षक नाहीत. पाटी लावणे म्हणजे विद्यापीठ काढणे असे मानले की असे होते. हाच नियम एका विद्यापीठाच्या आतही लागू पडतो. विभागाची पाटी लावणे म्हणजे विभाग काढणे नव्हे.

थोडेच निवडून ते नीट करणाऱ्यांची उदाहरणे आपल्याला लांब शोधावी लागत नाहीत. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३४ साली सरकारने बंद केले. माजी विद्यार्थी कोर्टात भांडले आणि १९३९ साली ती संस्था पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडली. तेव्हा तिच्यापुढेही सर्व विषय काढण्याचा मोह असणारच. तिने भाषाशास्त्र, प्राचीन इतिहास व पुरातत्त्व, समाजशास्त्र असे मोजके विषय धरले. सु. मं. कत्रे, ह. धी. सांकलिया, इरावती कर्वे अशी माणसे तेथे रुजू झाली. वैज्ञानिक शाखा नाही, वाणिज्य नाही, मोठी विद्यार्थिसंख्या नाही. आणि तरीही पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाची मांडणी तिने बदलून टाकली. सांकलियांनी १९४५-४६ साली कोल्हापुरात ब्रह्मपुरीचे उत्खनन केले ते याच संस्थेच्या बळावर.

दुसरे उदाहरण अगदी निराळ्या जातीचे आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. मुंबई हे गिरण्यांचे शहर. कापड रंगवण्याचे, विरंजनाचे शास्त्र जाणणारी माणसे गिरण्यांना हवी होती. म्हणून विभागाची सुरुवात वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या दोन गोष्टींनी झाली. मनमोहन शर्मा, रघुनाथ माशेलकर यांच्यासारखे शास्त्रज्ञ पुढे त्याच विभागातून घडले आणि २००८ साली त्या विभागाला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एकाने जमिनीखालचा इतिहास धरला, दुसऱ्याने गावातील गिरणी धरली. दोघांनीही 'आपल्या दाराशी असे काय आहे की ज्याचा अभ्यास इथेच उत्तम होईल?' हा एकच प्रश्न स्वतःला विचारला, असे आम्हांस वाटते.

तोच प्रश्न आपण आपल्या भागाला विचारून पाहू.

आपल्या दाराशी पहिली गोष्ट आहे ती दोन भाषा. बेळगावच्या बाजारात भाजी घेणारी बाई एका वाक्यात मराठीतून कन्नडमध्ये जाते आणि पुढच्या वाक्यात परत येते. तिला त्याचे काही वाटत नाही. परंतु तिच्या मुलाला इतिहासात एम.ए. करावयाचे असेल तर त्याला काय लागेल? शहापूर हे सांगली संस्थानात होते. निपाणी हे निपाणकर देसायांचे. त्या काळची बरीचशी दप्तरे मोडीत आहेत. हलशी ही कदंबांची एक राजधानी. तिच्याभोवतालचे आणि बेळगाव किल्ल्यातील कमल बस्तीसारख्या वास्तूंचे शिलालेख वाचावयाचे तर जुनी कन्नड आणि संस्कृत यावी लागते. इंग्रज कलेक्टरांचे अहवाल इंग्रजीत. म्हणजे या एका जिल्ह्याचा इतिहास लिहावयाचा तर मोडी, जुनी कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही गोष्टी एका डोक्यात हव्यात. असे डोके पुण्यात तयार होणे कठीण, बंगळुरातही कठीण. ते तयार होईल तर येथेच. टिळकवाडीला लागून असलेल्या वडगाव-माधवपूर येथे कर्नाटक विद्यापीठाचे अ. सुंदर यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केले आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आणले. आपण ज्या रस्त्याने रोज सायकलने जातो त्याच्या खाली दोन हजार वर्षांचे गाव आहे! त्याचा पुढचा अभ्यास करणारा विद्यार्थी आपल्यातून निघू नये का?

हे काम अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. सौंदत्ती तालुक्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले शं. बा. जोशी हे व्यवसायाने शाळामास्तर होते. कन्नड संस्कृतीवरील ग्रंथासाठी १९७० साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि याच शं. बा. जोशींनी 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हा ग्रंथ मराठीत लिहिला. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांनी सोलापूरच्या महाविद्यालयात बारा वर्षे अध्यापन केले आणि मराठीतही लेखन केले. एकेकट्या माणसांनी स्वतःच्या हौसेवर जे केले ते एखाद्या विभागाने शिस्तीने करावयाचे ठरवले तर किती होईल! पदव्युत्तर मराठी विभाग आणि पदव्युत्तर कन्नड विभाग हे आज शेजारी आहेत. त्यांनी मिळून अनुवादाचा आणि जुन्या कागदपत्रांचा एक अभ्यासक्रम चालवावा. मराठीच्या विद्यार्थ्याने एक पेपर कन्नडचा आणि कन्नडच्या विद्यार्थ्याने एक पेपर मराठीचा द्यावा. याला नवी इमारत लागत नाही.

दुसरी गोष्ट शेतीची, पाण्याची आणि श्रमाची. निपाणी म्हटले की तंबाखू आणि विडी. ६ एप्रिल १९८१ रोजी निपाणीच्या तंबाखू आंदोलनात गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मरण पावले. तंबाखूचा भाव कोण ठरवतो, वखारीत मजुरी किती मिळते, विडी वळणाऱ्या बाईच्या फुप्फुसाचे काय होते, तंबाखूच्या जागी ऊस आला तेव्हा तिच्या हाताला कोणते काम उरले, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत, समाजशास्त्राचे आहेत आणि वैद्यकाचेही आहेत. त्यांची सामग्री निपाणी-चिकोडीच्या गल्लीगल्लीत पडली आहे. पाण्याचेही तेच. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या आपल्या नद्या. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत याच काठची गावे पाण्याखाली गेली. म्हादई पाणीतंट्याचा निवाडा २०१८ साली आला, आणि ती नदी उगम पावते खानापूर तालुक्यात. पाण्याविषयी दोन-तीन राज्यांचे वकील दिल्लीत बोलतात. गावात किती पाणी कोठपर्यंत चढले, किती दिवस राहिले आणि नंतर त्या जमिनीत काय पिकले, याची वर्षानुवर्षांची नोंद ठेवणारा पदव्युत्तर विभाग मात्र आपल्याकडे असावयास हवा.

तिसरी गोष्ट खानापूरच्या रानाची. भीमगडाच्या परिसरातील बारापेडे गुहांत राहणारे एक वटवाघूळ १९१३ साली विज्ञानाला प्रथम ठाऊक झाले आणि पुढे अनेक दशके ते जगात फक्त तेथेच आढळते अशी समजूत होती. २०११ साली भीमगड अभयारण्य झाले. या रानातल्या औषधी वनस्पतींची माहिती गावोगावच्या वैदूंच्या आणि वृद्ध बायकांच्या तोंडी आहे. बेळगावातच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, ती संस्था आणि खानापूरचा वैदू यांना एका मांडवाखाली आणणे हे काम पदव्युत्तर विभागाचे. परंतु या ज्ञानाचा मोबदला आणि श्रेय वैदूलाही मिळाले पाहिजे, हे आराखड्यात पहिल्या दिवशीच लिहिले जावे.

अशी ही तीन क्षेत्रे. बाकीचे विषय बंद करा असे आमचे म्हणणे नाही. गणित, इंग्रजी, रसायन, वाणिज्य हे विषय चांगले शिकवले गेलेच पाहिजेत. परंतु शिकवणे निराळे आणि संशोधनाचा वेगळा पैसा, वेगळी माणसे आणि वेगळा वेळ देणे निराळे. तो जादा घास या तिघांना द्यावा, एवढेच आमचे म्हणणे.

आता या सर्वांच्याही आधीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून वरील सारे हवेतले मनोरे ठरतील. ती म्हणजे शिक्षक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार याहून अधिक पीएच.डी. विद्यार्थी असू शकत नाहीत. मार्गदर्शक हा नियमित, पूर्णवेळ शिक्षक असावा लागतो. आता साधी बेरीज करू. एखाद्या विभागात एक प्राध्यापक, एक सहयोगी आणि दोन सहायक असे चौघे नियमित असतील तर आठ, सहा, चार आणि चार मिळून बावीस जागा होतात. त्यांपैकी प्राध्यापक निवृत्त झाले आणि सहयोगी दुसरीकडे गेले, जागा भरल्या नाहीत आणि तास अतिथी प्राध्यापकांनी घेतले, तर वर्ग चालू राहतात, वेळापत्रकात काही दिसत नाही. पण संशोधनाच्या बावीस जागांच्या आठच उरतात. चौदा विद्यार्थ्यांचे दार बंद होते आणि त्याचा आवाजही होत नाही. अतिथी प्राध्यापक कितीही विद्वान असले आणि कितीही जीव ओतून शिकवीत असले तरी नियम त्यांना मार्गदर्शक होऊ देत नाही. म्हणून राज्य विद्यापीठांतील रिक्त जागा हा केवळ नोकरी शोधणाऱ्यांचा प्रश्न नव्हे. तो विद्यार्थ्यांचा प्रश्न आहे. नव्या विभागाला मंजुरी देण्यापूर्वी जुन्या विभागातील नियमित जागा भरल्या पाहिजेत, हा नियम विद्यापीठाने स्वतःवर घालून घ्यावा आणि सरकारकडे त्याच क्रमाने मागणी करावी.

एक मार्गदर्शक काय करू शकतो हे पाहावयाचे असेल तर मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे पाहावे. १९२४ पासून त्यांनी मुंबईत समाजशास्त्राचा विभाग चालवला. मराठी घरातील इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी आणि म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास त्यांचे विद्यार्थी. एका कोकणी गावच्या माणसाने भारतीय समाजशास्त्राच्या दोन दिशा आपल्या वर्गातून पाठवल्या. विभागाचा मोठेपणा खोल्यांवर मोजू नये, तो असा मोजावा.

शिक्षकानंतर विद्यार्थ्याचा दिवस. विद्यापीठाचे आवार शहरापासून अठरा-वीस किलोमीटरवर आहे. खानापूरच्या बाजूच्या खेड्यातील मुलीला आधी बेळगाव गाठावे लागते आणि तेथून उलट दिशेला दुसरी बस धरावी लागते. जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी बसमध्ये स्त्रियांना तिकीट नाही, त्यामुळे भाड्याचा प्रश्न बराच सुटला. वेळेचा सुटला नाही. सकाळी जाण्यात आणि संध्याकाळी परतण्यात जिचे तीन-चार तास जातात ती ग्रंथालयात केव्हा बसणार? दिवेलागणीच्या आत घरी आली पाहिजे हा घरचा नियम, आणि ग्रंथालयातील खरे वाचन सुरू होते ते तास संपल्यावर! तेव्हा मुलींचे वसतिगृह, आवाराला जोडणाऱ्या नेमक्या वेळेच्या बसगाड्या, आणि शहरात एक पदव्युत्तर वाचनकक्ष, या तीन गोष्टी कोणत्याही परिषदेपेक्षा आणि कोणत्याही कमानीपेक्षा आधी यावयास हव्यात. संशोधक विद्यार्थ्याचे पोटही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. ती ज्याला मिळाली नाही त्याने पाच वर्षे काय खावे? विद्यापीठाने वरील तीन क्षेत्रांत दरवर्षी मोजक्याच, पण वेळेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या द्याव्यात. वीस जणांना नावापुरते काही देण्यापेक्षा सहा जणांना पुरेल इतके द्यावे.

तिसरी निकड आपल्या भागाचीच आहे आणि ती इतर कोणाच्या आराखड्यात सापडणार नाही. निपाणीत एक महाविद्यालय राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेले, आणि गावाला लागूनच अर्जुननगरात, महाराष्ट्राच्या हद्दीत, देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाला जोडलेले. एकाच गल्लीतील दोन भाऊ दोन विद्यापीठांचे विद्यार्थी असू शकतात. कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांवर आणली. महाराष्ट्रात चार वर्षांची वाट खुली आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचे, असा आयोगाचा हिशेब आहे. बेरीज दोन्हीकडे पाचच येते. फरक पडतो तो निराळ्याच ठिकाणी. चौथ्या वर्षी संशोधनाचा प्रकल्प केलेला विद्यार्थी पुरेसे गुण मिळवून थेट पीएच.डी. कडे जाऊ शकतो. आपल्या तीन वर्षांच्या पदवीधराला संशोधन म्हणजे काय हे एम.ए. ला आल्यावरच कळणार. तेव्हा एम.ए. च्या पहिल्याच वर्षात क्षेत्रकार्य, टिपणे काढणे, संदर्भ तपासणे, आकडे वाचणे हे हाताला धरून शिकवले पाहिजे. यात आपली मुले मागे पडली तर त्याचा दोष त्यांच्या बुद्धीचा असणार नाही.

आणि याच कारणासाठी बेळगाव, धारवाड आणि कोल्हापूर या तीन विद्यापीठांनी आपसांत एक साधा करार करावा. बेळगावच्या संशोधकाला कोल्हापूरच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून पुस्तके पाहता यावीत, कोल्हापूरच्या संशोधकाला धारवाडच्या ग्रंथालयात. एका विद्यार्थ्याला सीमेच्या दोन बाजूंचे दोन सहमार्गदर्शक मिळावेत. एका विद्यापीठातील पेपर दुसऱ्यात धरला जावा. परदेशी विद्यापीठांशी होणाऱ्या करारांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील शेजाऱ्याशी करार केला तर छायाचित्र कदाचित येणार नाही, पण पुस्तक हाती येईल. सीमेचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे २००४ पासून आहे. त्याचा निकाल न्यायालय देईल तेव्हा देईल. विद्यार्थ्याचे एकविसावे, बाविसावे वर्ष त्यासाठी थांबून राहत नाही.

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की मुलांना नोकरी हवी आहे, आणि मोडी वाचून किंवा वटवाघळे मोजून पोट भरत नाही. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आईबापांनी उसाच्या बिलातून फी भरलेली असते. परंतु आज एम.ए., एम.कॉम. झालेल्या सर्वांना नोकरी मिळते आणि केवळ आम्ही सांगतो त्या विषयांमुळे ती जाईल, असे तर नाही ना? पदवी सर्वांचीच सारखी असली की मालकाला निवडावयाला काही उरत नाही. दोन भाषांत अचूक लिहिणारा अनुवादक, जुनी कागदपत्रे वाचून जमिनीचा इतिहास सांगणारा अभ्यासक, पुराचे नकाशे करणारा भूगोलाचा पदवीधर यांना वकील, बँका, वर्तमानपत्रे, सरकारी कचेऱ्या आणि पाटबंधारे खाते यांच्याकडे काम असते. त्यांची संख्या मोठी नसेल. पण अशी माणसे बाहेरून आणता येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. 'दोन भाषांचा अभ्यास' म्हटले की दोन्हीकडील काही लोकांना शंका येते. मराठी बाजूला वाटते की ही कन्नड लादण्याची युक्ती आहे. कन्नड बाजूला वाटते की हे मराठीचे मागील दाराने आगमन आहे. आमचे उत्तर इतकेच की पदव्युत्तर वर्गात बसणारा विद्यार्थी सज्ञान असतो. त्याने आपला प्रबंध आपल्या भाषेत लिहावा. तो हक्क कोणी काढून घेऊ नये. शेजारची भाषा त्याने अभ्यासाचे साधन म्हणून शिकावी. तिच्यावाचून त्याचे स्वतःचे घरही त्याला पुरते दिसणार नाही. ज्याला आपल्या आजोबांच्या जमिनीचा कागद वाचता येत नाही त्याने भाषेचा अभिमान कशावर उभा करावा?

एवंच, क्रम असा: आधी नियमित शिक्षक, मग विद्यार्थ्याचा दिवस, म्हणजे बस, वसतिगृह, ग्रंथालय आणि वेळेवर शिष्यवृत्ती, मग दोन भाषा, पाणी व श्रम, आणि रान ही तीन क्षेत्रे, आणि या सर्वांच्या बरोबरीने शेजारच्या दोन विद्यापीठांशी करार. नवे विभाग, नव्या नावांचे अभ्यासक्रम, भरगच्च परिषदा आणि पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांतील लेखांची मोजदाद या गोष्टी दहा वर्षे बाजूला ठेवाव्यात.

हे सारे विद्यापीठाने करावयाचे. मग आपण काय करावयाचे? पदवीच्या वर्गात शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी हात बांधून बसावयाचे काय? पदव्युत्तर अभ्यासाची मुळे पदवीच्या वर्गातच असतात. इतिहासाच्या मंडळाने या वर्षी मोडीचा वर्ग चालवावा. शिकवू शकणारी वडीलधारी माणसे अजून या गावात सापडतील. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी २०१९ चा पूर एखाद्या गावात कोठपर्यंत चढला याच्या खुणा विचारून नकाशावर मांडाव्यात. आणि या अंकातील मराठी पाने संपल्यावर जी कन्नड पाने सुरू होतात ती आपल्यापैकी किती जण वाचतात? पुढील वर्षी मराठी विभागातील एक लेख कन्नडमध्ये आणि कन्नड विभागातील एक लेख मराठीत, विद्यार्थ्यांनीच अनुवाद करून, छापावा अशी आमची संपादक मंडळास सूचना आहे. तो अनुवाद करताना ज्याला शब्द अडेल, कोश उघडावा लागेल आणि शेजारच्या वर्गातील मित्राला विचारावे लागेल, त्याचे पदव्युत्तर शिक्षण त्याच दिवशी सुरू झाले असे आम्ही समजू.